चार सावळ्यांचं वरण

देवकी नोकरी म्हणजे नेमकं काय करते, हे तिच्या सासूने, प्रयागबाईने, सगळ्या गावाला एका वाक्यात समजावून दिलं होतं. "कंप्युटर एकमेकाईसंग भांडते, अन् माही सून ते भांडण लिहून ठेवते." देवकीने आधी ते हसण्यावारी नेलं. मग वर्षं गेली, केस पिकले, चष्म्याची काच जाड झाली, आणि तिच्या ध्यानात आलं की म्हातारी काही खोटं बोलली नव्हती.

त्याचं असं. नागपूरच्या आयटी पार्कातली तिची कंपनी सहकारी संस्थांसाठी सॉफ्टवेअर करायची. दूध संघ, पतसंस्था, पाणीवापर संस्था, जे गिऱ्हाईक येईल ते. कुणाची माहिती एका डेटाबेसमध्ये, कुणाची दुसऱ्यात, कुणाची तिसऱ्यात. तिन्हींत एक सोय सारखी. अक्षरांचा नमुना द्यायचा आणि त्यात बसणारं जे असेल ते डेटाबेसने शोधून आणायचं. ऑफिसातली पोरंपोरी त्याला रेजेक्स म्हणत. सोय सारखी, पण रीत तिघींची तीन तऱ्हांची. देवकीने त्यांना नावंच ठेवली होती: थोरली, मधली आणि धाकटी. एका घरात तीन सुना आणाव्यात आणि तिघींनी मीठ तीन वेगळ्या डब्यांत लपवावं, तसा तो प्रकार.

थोरली काटेकोर. दिलेला नमुना नावाशी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला तरच ती हो म्हणणार. मधली सैल हाताची. नमुना नावाच्या पोटात सापडो की शेपटीला, तिला चालायचं. तिला आवरायचं तर नमुन्याच्या आधी टोपीसारखं एक चिन्ह आणि शेवटी डॉलरचं चिन्ह लावावं लागे, मग ती थोरलीसारखी वागे. तिरपी उलटी रेघ थोरलीला एकदा पुरायची, मधलीला दोनदा द्यावी लागायची. इंग्रजी अक्षरं लहान की मोठी, याचं एकीला सोवळं, दुसरीला पत्ताच नाही. आणि धाकटीला तर नमुना म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. आधी कुणीतरी शिकवायचं, मग ती शोधणार, तेही शिकवणाऱ्याच्या अकलेइतकंच.

हे सगळे फरक एका तक्त्यात मांडायचे, हे देवकीचं काम. तक्ता पुरा होत आला की एखादीची नवी आवृत्ती यायची. माहेराहून परतलेल्या सुनेसारखी ती नव्या सवयी घेऊन यायची आणि देवकी पुन्हा पहिल्या ओळीपासून बसायची. त्या तक्त्याच्या लांबीबद्दल ऑफिसात अजून बोलतात. एकदा तो कुणीतरी छापायला टाकला, तर कागद जिना उतरला, पार्किंग ओलांडून पानटपरीपर्यंत गेला, आणि टपरीवाल्याने मधल्या तुकड्यात सुपारी-तंबाखूचा खर्रा बांधून विकला. त्या तुकड्यातले फरक म्हणे अजून सापडलेले नाहीत.

"मॅडम, डॉक्युमेंट कधी होईल?" मॅनेजर सुमंत रोज विचारायचा. पोरगा सभ्य होता, म्हणूनच जास्त थकवायचा.

"साहेब, ह्या तिघी सुधारायच्या थांबल्या की."

"म्हणजे अंदाजे?"

"अंदाजे कधीच नाही."

त्याला वाटायचं, मॅडम विनोद करतात.

थंडीच्या अशाच एका दुपारी प्रयागबाईचा फोन आला. ती पारशिवनीजवळ सावळीला राहायची. देवकी नवऱ्यासोबत, गणपतरावासोबत, नागपुरातल्या नंदनवन वस्तीत.

"देवके, येत्या इतवारी रोडगे करून राहिली मी."

"इतवारी? माय, मले आधी सांगायचं नं!"

"गुडघ्याचं ऑपरेशन व्हाच्या आधी मारुतीले बोलली होती मी. आता चालून राहिली. देवाचं उधार ठेवू का? दरखेपेले तू म्हणते, तक्ता होऊ दे. तुह्या तक्त्याच्या भरोश्यावर मारुती बसून राहील का?"

रोडगे म्हणजे काय ते त्या मुलखात सांगावं लागत नाही. कणकेचे थरावर थर देऊन केलेले गोळे, शेतातल्या मारुतीपुढे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची भाजी आणि तुरीचं वरण. नवस फिटतो, गाव जेवतं. पण प्रयागबाईच्या घरात वरण हा शब्द साधा राहिला नव्हता. देवकीच्या लग्नात वरण कमी पडलं होतं आणि कुणीतरी घाबरून त्यात पाण्याच्या घागरी ओतल्या होत्या. त्या वरणात मांडवाचे बांबू दिसत होते. एका पाहुण्याने त्यात वाकून मिशी विंचरली, असंही सांगतात. समोरच्या घरातल्या जयवंताबाईने पंगतीतूनच उठून त्या घराला नाव दिलं, "पातळ वरणवाले." नाव असं चिकटलं की पोस्टमनसुद्धा पत्ता तसाच विचारायचा.

"या खेपेले ते नाव पुसून टाकाचं आहे," प्रयागबाई फोनवर म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. "माहे किती दिवस राहिले आता? पातळ वरणाची बुढी म्हणून जायचं नाही मले. घट्ट वरण वाढीन. घरटी एक आवतन, चूलबंद नाही. चूलबंद कराची ऐपत नाही आपली."

घरटी एक म्हणजे प्रत्येक घरातून एक माणूस जेवायला. चूलबंद म्हणजे त्या दिवशी गावात चूलच पेटायची नाही, लेकराबाळांसकट, पाहुण्यारावळ्यांसकट सगळं घर पंगतीला. हा फरक ज्याला कळत नाही त्याला त्या मुलखात आवतन द्यायला पाठवत नाहीत.

"अन् सांगाले मीच फिरली असती दारोदार," म्हातारी पुढे म्हणाली, "पण गुडघा नवा आहे. तो दूध संघाचा मेसेज येते नं मोबाईलवर, दुधाचा भाव, पशुवैद्य येणार... तो तुमच्याच कंपनीचा होय नं? त्याच्यातूनच सांग. अध्यक्षाले मी विचारून घेतलं. तो हाओ म्हणाला."

देवकीने डोळे चोळले. समोर तक्ता उघडा होता. मधलीने कालच नवी आवृत्ती काढली होती.

शुक्रवारी देवकी गुंजनच्या टेबलाशी जाऊन बसली. गुंजन नागपूरच्याच जरीपटका वस्तीतली, डेटाबेसचं काम तिच्याकडे, बोलणं अर्धं हिंदी अर्धं मराठी. देवकीने मेसेज लिहून दिला: रविवारी सावळीच्या मारुतीवर प्रयागबाईंचे रोडगे, घरटी एक माणूस, अगत्य यावे. मग गावाच्या रकान्यात शोधायचा नमुना सांगितला. सावळी. फक्त तेवढंच.

"ताई, आगे-पीछे काही लावायचं का?" गुंजनने विचारलं.

"कायले? दूध संघ थोरलीत आहे. ती पूर्णच जुळवते."

"पर वो तो पिछले हफ्ते..." गुंजन काहीतरी म्हणू लागली. तेवढ्यात सुमंत दारात आला. मॅडम, तिरप्या रेघेच्या ओळीवर क्लायंटचा प्रश्न आहे, दोन मिनिटं. देवकी उठली. जाताना तिने हात हलवला, राहू दे, पाठव. ज्या बाईने ते सगळे फरक स्वतः लिहिले, तिला गुंजन काय शिकवणार? गुंजनने मेसेज पाठवून दिला.

त्याच आठवड्यात सोमवारी झालेल्या मीटिंगमध्ये देवकी बसली होती. त्यात दूध संघ मधलीत हलवल्याचं गुंजनने सांगितलं होतं. देवकीने मान हलवली होती. पण मान हलवणं आणि ऐकणं यांत किती अंतर असतं, ते एक थकलेला माणूसच जाणे. आचाऱ्याने दुसऱ्याच्या भाजीतलं मीठ चाखून पाहावं आणि स्वतःची न चाखता वाढावी, तसं झालं.

रविवारी सकाळी मारुतीच्या पाराशेजारी गोवऱ्यांचा ढीग पेटला. धूर असा उठला की पेंचच्या जंगलात वाघ शिंकला म्हणतात, आणि पर्यटकांनी जिप्सीतून त्याचा व्हिडिओ काढला. गावच्या बाया कणीक तिंबत होत्या, वांगी चिरत होत्या. वरणाचा मोठा गंज चुलीवर चढला होता आणि त्यापुढे खुर्ची टाकून, नवा गुडघा लांब करून, हातात काठी घेऊन प्रयागबाई बसली होती, जसा काही तिजोरीचा पहारा. गुंजनही स्कुटीवर आली होती, रोडगे कधी पाहिले नाहीत म्हणून.

"देवके, इकडे ये. पाह्य."

देवकी वाकली. वरण संथपणे खदखदत होतं, पिवळं, जाड. पळी फिरवली की मागे वाट उरायची.

"आता बोलू दे जयवंतीले," प्रयागबाई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर देवकीने इतक्या वर्षांत न पाहिलेलं काहीतरी होतं. समाधान म्हणावं, तर त्यात खुमखुमीही होती.

तेवढ्यात नहराच्या वाटेने एक ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत माणसं उभी, फेटे, पदर, आणि टपावर हार घातलेला कुणीतरी म्हातारा.

"कोणतं गाव म्हणावं, काका?" देवकीने विचारलं.

"सावळीटोला! आवतन आलं नं मोबाईलवर. अध्यक्षाच्या नावानं आलं, मंग नाही कसं म्हणाचं?"

देवकी जागच्या जागी थांबली. ट्रॅक्टरमागे दुसरा ट्रॅक्टर होता. त्यामागे मोटारसायकली. त्यामागे एक बैलगाडी, आणि गाडीमागे चालत येणारी माणसं, इतकी की बांध हलल्यासारखा दिसावा.

"अन् हे?"

"आमी सावळी खुर्दचे, वयनी."

"बुद्रुकवाले येऊन राहिले मांगून. त्याईले यायले जरा येळ लागते, इस्त्री करतात ते."

तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे ती ओळ आली. तक्त्यातली, तिच्याच हाताने लिहिलेली, तिसऱ्यांदा सुधारलेली. मधलीत नमुना नावात कुठेही सापडला तरी चालतो. सावळी खुर्दमध्ये सावळी. सावळी बुद्रुकमध्ये सावळी. सावळीटोल्यात सावळी. टोपी लावली नाही, डॉलर लावला नाही, आणि चार गावं एका गंजावर आली.

गुंजन धावत आली. "ताई, ये तो पूरा तालुका आ रहा है! मी म्हणणारच होती, दूध संघ मधलीत हलवला म्हणून..."

"म्हणालीस तू. मीच नाही ऐकलं," देवकी म्हणाली. तिला एकाएकी तिथेच, मातीत, झोपावंसं वाटलं.

गणपतराव मात्र कामाला लागला होता. तो पाण्याच्या दोन बाल्ट्या भरून घेऊन आला. स्वभावाने गरीब माणूस, पण जे लग्नात घडलं तेही अशाच एका गरीब माणसाच्या हातून घडलं होतं, आणि तो कोण हे घरात कधी कुणी विचारलं नाही.

"दोन बाल्ट्या टाकू. कोणाले समजते?"

प्रयागबाईने काठी गंजावर आडवी धरली. "पाय पुढं टाकशील तं तुहाच गुडघा बदलावा लागीन."

"माय, लोकं उपाशी जातीन!"

"उपाशी जातीन तं एक दिवस बोलतीन. पातळ वाढलं तं जलमभर. मले माहीत आहे, मी ऐकलं आहे जलमभर." मग ती देवकीकडे वळली. "काहून वं, देवके? मी एक सावळी सांगतली होती. तू चार काहून बलावल्या?"

देवकीला काय काय सांगता आलं असतं. डेटाबेस बदलला, मेसेज गुंजनने पाठवला, सुमंतने मधेच उठवलं. सगळं खरं होतं आणि कशानेच वरण वाढणार नव्हतं. पंगती आपोआप बसू लागल्या होत्या. आलेल्या माणसाला बसायला सांगावं लागत नाही.

ती चप्पल काढून पारावर चढली.

"ऐका जरा! मी देवकी, प्रयागबाईची सून." आवाज फाटला, तिने पुन्हा सुरू केलं. "आवतन एकाच सावळीले होतं. बाकीच्या तीन सावळ्याईले गेलं ते माह्या चुकीनं. कंप्युटरची चूक नाही. कसं शोधाचं ते मलेच माहीत होतं, मीच लिहून ठेवलं होतं, अन् मीच चुकली. वरण एका गावापुरतं आहे. तुमी आले ते बरं केलं. पण पाणी टाकून वाढणार नाही. पुरीन तेवढ्याईले वाढू, बाकीच्याईच्या पाया पडते."

कुठेतरी एक रोडगा विस्तवात फुटला.

तेवढ्यात पंगतीच्या टोकाहून जयवंताबाईचा आवाज आला. कमरेत वाकलेली, पण जीभ सरळ.

"पाणी टाकाची लाज कवापासून वाटाले लागली, प्रयागे? सवय आहे नं घरची!"

हशा उठला. प्रयागबाई खुर्चीतून उठली. नवा गुडघा कर्रकन वाजला, तो चारही गावांनी ऐकला.

"टाकीन तं पाणी नाही टाकणार, जयवंते. तुह्या घरची तूर टाकीन! हाय का ऐपत? का नुसतं पारखाले येते जेवण?"

"माह्या घरी तूर नाही का? औंदा बम पिकली! थांब!"

आणि ती खरंच निघाली. चार गावांपुढे ऐपत काढली होती, आता मागे हटणं शक्य नव्हतं. जयवंताबाई सुपात डाळ घेऊन परतली, मुद्दाम सगळ्या पंगतीसमोरून, आणि गंजाशेजारी धप्पकन ओतली.

हे पाहून सावळी खुर्दच्या बायांची कुजबुज सुरू झाली. आपण काय नुसतं गिळायला आलो का? एकीने नवऱ्याला मोटारसायकलवर पिटाळलं. ते बुद्रुकवाल्यांनी पाहिलं. खुर्द आणि बुद्रुक यांचं पिढ्यांपासूनचं वैर, ते म्हणाले, त्यांनी एक थैली आणली तर आपली दोन. टोलेवाल्यांकडे तर ट्रॅक्टरच होता. म्हणता म्हणता नव्या तुरीच्या डाळीच्या थैल्या, कणकेचे डबे, वांग्यांची पोती पारापाशी येऊन पडू लागली. गावागावातून गंज आले, दगडांच्या चुली मांडल्या गेल्या. शेजारच्या गावाला खाली मान घालायला लावायची संधी मारुतीने इतकी सोपी कधी केली नव्हती.

एकच घोटाळा झाला. ईर्ष्येने डाळ प्रत्येकाने आणली, पण पाणी टाकायची कुणाची छाती होईना. पाणी टाकणारा घराण्याला नाव लावून घेणार, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. वरण शिजत गेलं आणि आळत गेलं. शेवटी पळी आत रोवली तर उभी राहिली. बुद्रुकच्या गंजात तर ती निघेचना, ती काढायला दोन पैलवान लागले असं त्या गावचे लोक सांगतात, आणि खुर्दवाले म्हणतात एकच पैलवान होता, तोही म्हातारा. वाढप्यांनी वाट्या बाजूला ठेवल्या आणि वरणाचे चौकोन कापून वाढले. माणसं रोडग्याला वरण लावून नव्हे, वरणाला रोडगा लावून जेवली.

"काय गा, हे वरण आहे का बर्फी?" कुणी विचारलं.

"गप जेव. पाणी मागू नको, नाव पडीन."

उपाशी कोणी गेलं नाही.

देवकीने हे सगळं पाहिलं ते ट्रॉलीच्या चाकाला टेकून, अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी. वाढायला उठावं असं तिला दोनदा वाटलं आणि दोनदा पाय नाही म्हणाले. डोळा लागला तेव्हा दुपार उतरत होती. जाग आली ती तुपाच्या वासाने. प्रयागबाई समोर उभी होती, हातात पत्रावळ. मग ती हळूहळू, काठीच्या आधाराने, सुनेशेजारी चाकाला टेकून बसली.

"खा. थंडा झाला, पण तूप जास्त टाकलं."

"वरण?"

"आहे नं. तोडून घे."

देवकीने वरणाचा तुकडा तोडला. समोर जयवंताबाई पत्रावळी गोळा करत होती आणि कुणालातरी जोरात सांगत होती, की हे जे घट्ट वरण झालं ना, त्याची पहिली डाळ कोणाची होती, विचारा.

"बोलून राहिली पाह्य," देवकी म्हणाली.

"बोलू दे. घट्ट तं म्हणाली नं?" प्रयागबाईने डोळे मिटले. "चार गावाच्या तोंडानं म्हणाली. एकाच सावळीले जेवू घातलं असतं तं ते नाव एकाच सावळीत पुसलं असतं." थोड्या वेळाने म्हणाली, "पण तू दमली वं, देवके."

"हाओ, माय."

"मी बी."

गणपतराव आपल्या त्या दोन बाल्ट्या घेऊन गुरांना पाणी पाजायला गेला.

सोमवारी देवकीने तक्ता उघडला. ती ओळ शोधून काढली आणि खाली उदाहरण म्हणून चार गावांची नावं टाकली. टोपी आणि डॉलर न लावता मिळणारं उत्तर, आणि लावून मिळणारं. सुमंतने ते वाचलं.

"मॅडम, उदाहरण छान आहे. क्लायंटला लगेच समजेल. कुठून सुचलं?"

"गावाकडून."

"बरं, एक आहे. पुढच्या महिन्यात आपण आणखी एक डेटाबेस घेतोय. चौथा. फरक फार नाहीत म्हणतात."

देवकीने चष्मा काढून टेबलावर ठेवला. तेवढ्यात फोन वाजला. प्रयागबाई होती.

"देवके, जयवंतीनं बी रोडगे बोलले आता. मारुतीले म्हणे, तिच्या दातासाठी. आवतन तूच दे म्हणते."

"कोणत्या सावळीले?"

"तेच विचाराले फोन केला," म्हातारी म्हणाली. "तुह्या त्या मधलीले विचारून पाह्य नं, अजून एखादी सावळी आहे का आपल्या तालुक्यात. जयवंती म्हणते, मी प्रयागीपेक्षा एक गाव जास्तच जेवू घालीन."